बोटांचे ठसे आणि ग्रहणाचा आळ

माझ्या वरच्या ओठावर नाकापर्यंत गेलेली एक शिवण आहे. जन्मले तेव्हा ओठ दुभंगलेला होता. चालायला लागायच्या आत ऑपरेशन झालं, डॉक्टरांचा हात चांगला होता, त्यामुळे आता लांबून कळत नाही. जवळून कळतं, आणि आपल्याकडची माणसं जवळूनच बघतात. रिक्षावाला आरशातून बघतो, भाजीवाली वजन करता करता बघते, लग्नात भेटलेली कुठलीतरी काकू तर हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवते, आंबा पिकलाय का बघावं तशी. मी दातांची डॉक्टर आहे, नाशिकच्या एका डेंटल कॉलेजात शिकवते, याच्याशी त्या काकूला काही देणंघेणं नसतं.

त्या शिवणीचं मला फारसं काही वाटत नाही, अगदी खरं सांगते. माझं लग्न झालं नाही, ती गोष्ट वेगळी आणि कंटाळवाणी आहे. माझ्या डोक्यात तिडीक जाते ती आईवर घातलेल्या आळाची.

आईला माझे दिवस गेले होते तेव्हा ग्रहण लागलं होतं. आमचं घर तेव्हा देवळ्याजवळच्या एका खेड्यात होतं. आजीचं, म्हणजे पप्पांच्या आईचं म्हणणं असं, की सुनेनं ग्रहणात विळीवर भोपळा चिरला, म्हणून पोरीचा ओठ चिरला गेला. आईचं म्हणणं असं, की ग्रहण लागल्यापासून सुटेपर्यंत ती आतल्या खोलीत हात मांडीवर ठेवून बसली होती, विळीकडे फिरकलीसुद्धा नव्हती. पाहिलं कोणीच नव्हतं. पण फाटक्या ओठाची पोरगी समोर होती ना, अजून काय पुरावा पाहिजे! आजी आल्यागेल्यासमोर माझ्या तोंडावरचं फडकं बाजूला करायची आणि म्हणायची, "बघा, सूनबाईनं काय कापून ठेवलंय."

घरात एकटे पप्पा आईच्या बाजूनं उभे राहिले. "ती खोटं बोलत नाही," एवढंच म्हणायचे. भांडणं वाढली, तेव्हा बायको आणि चमच्यानं दूध पिणारी मुलगी घेऊन ते नाशिकला आले आणि सातपूरच्या एका कारखान्यात लागले. आईनं त्या घरात पुन्हा पाऊल ठेवलं नाही, आजीनं ठेवू दिलं नसतं. पप्पा वर्षाआड कधीतरी एकटे जाऊन यायचे आणि दोन दिवस गप्प असायचे. आजी गेली तेव्हा त्यांनी अग्नी दिला, दहावं केलं आणि परत आले. डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. मला त्या वेळी त्यांचा अभिमान वाटला होता.

पुढे मी डेंटलला गेले आणि पुस्तकात वाचलं, की गर्भात तोंडाचे दोन-तीन भाग वेगवेगळे वाढतात आणि मग जुळतात. कधी जुळायचे राहतात. का राहतात, याची कारणं पुष्कळ आहेत आणि बऱ्याचदा एकही नक्की सांगता येत नाही. त्यात भोपळा नव्हता. घरी येऊन आईला सगळं चित्र काढून दाखवलं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे तेव्हा कोणी सांगायला पाहिजे होतं गं." मग कुकरची शिट्टी झाली म्हणून उठली.

आता मुद्द्याचं. आमच्या विभागप्रमुख सरांना संशोधनाची भारी हौस, म्हणजे निबंध छापून आणायची. एका वर्षी त्यांनी विषय काढला: बोटांच्या ठशांवरून रोगाचं निदान करण्याबद्दल दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना कितपत माहिती आहे? या अभ्यासाला डर्मॅटोग्लिफिक्स असं दात दुखावेत असं नाव आहे. गोष्ट साधी आहे. आपल्याकडे बोटाच्या पेरावर शंख आहे की चक्र आहे ते बघतात ना, तेच. शास्त्रात शंखाला लूप म्हणतात, चक्राला व्होर्ल म्हणतात, नुसती कमान असेल तर आर्च म्हणतात. ओठ, टाळू घडतात त्याच सुमाराला बोटांवरच्या रेषाही घडत असतात. म्हणून काही लोकांना वाटतं, की एकीकडे बिघडलं तर दुसरीकडे खूण सापडेल. पुष्कळ लोकांचे ठसे घेऊन तुलना करतात. कुठे फरक सापडतो, कुठे सापडत नाही. एकट्यादुकट्याचं बोट बघून काहीही सांगता येत नाही. हे सगळं मी वर्गात फळ्यावर लिहून, खाली दोनदा रेघ मारून शिकवलं.

त्यानंतर प्रश्नावली वाटली. ही उत्तरं मीच तपासली, म्हणून सांगते. लूप म्हणजे काय हे अर्ध्यांना धड लिहिता आलं नव्हतं. कशाकशात याचा अभ्यास होतो, तर एकानं लिहिलं होतं, 'पोलीस चौकशीत'. मात्र शेवटचा प्रश्न होता, पुढे प्रॅक्टिसमध्ये तुम्ही हे तंत्र वापराल का? तिथे जवळजवळ सगळ्यांनी 'हो'वर खूण केली होती. मी सरांना म्हटलं, "सर, यांना कळत काहीच नाही, पण वापरायचं मात्र सगळ्यांना आहे." सर म्हणाले, "म्हणजे जागरूकता वाढवायला हवी. छान, हाच निष्कर्ष टाका." घ्या! मी टाकला.

त्या वर्गात पहिल्या बाकावर एक मुलगी बसायची. तिसऱ्या वर्षाची, सिन्नरची, पाठांतर पक्कं, शंका विचारायची ती अशी की आपलं वाचन सगळ्यांना कळावं. तिच्या भावाचं स्थळ माझ्या धाकट्या बहिणीला सांगून आलं. मुलगा सिन्नरच्याच औद्योगिक वसाहतीत इंजिनिअर. धाकटी अंबडला एका कंपनीत अकाउंट्स बघते. दोघं कॉलेज रोडला कॉफी प्यायला दोनदा भेटले आणि धाकटी मोबाईलकडे बघून हसायला लागली. घरात सगळ्यांना कळलं, कोणी तिला चिडवलं नाही, नजर लागेल म्हणून. मुलाची बहीण माझीच विद्यार्थिनी निघाली तेव्हा आई म्हणाली, "बरं झालं, ओळखीतलं आहे. शिकलेली माणसं आहेत, तुझ्या ओठाचा बाऊ करणार नाहीत."

मग मुलाच्या आईचा फोन आला. "तसं काही नाय, पर मनात एक शंका हाय. रविवारी येऊन जातो."

रविवारी ते आले. मुलगा, त्याचे वडील, आई आणि ही पहिल्या बाकावरची. आईनं द्राक्षं आणि चिवडा ठेवला. मुलाचे वडील अवकाळी पावसाबद्दल बोलले. मुलाच्या आईनं दोनदा पदर सारखा केला आणि म्हणाली, "थोरलीचं असं हाय, तर धाकटीच्या पोराबाळांना बी होईल का, एवढंच इचारायचं होतं. आमची पोरगी म्हणते, ते तपासता येतं."

आणि त्या पोरीनं पर्समधून स्टॅम्प पॅड काढलं. कोरे कागद काढले, भिंग काढलं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"मॅडम, तुम्हीच शिकवलंय ना," ती म्हणाली. कौतुकाची वाट बघत होती हो ती! "आईवडिलांचे आणि हिचे ठसे घेऊ. काही दुखत नाही, पाच मिनिटांचं काम आहे."

"मी शिकवलंय, की यावरून एका माणसाचं काहीही सांगता येत नाही. फळ्यावर लिहिलं होतं."

"हो मॅडम, पण एक अंदाज येतो ना."

मी तिला तिथेच झापणार होते. पण धाकटीनं माझ्याकडे असं बघितलं, की मी थांबले. "ताई, करू दे ना गं. काय जातंय आपलं," ती हळूच म्हणाली. पप्पांनी तर बाह्याच सरसावल्या. "घ्या, आमच्यात लपवण्यासारखं काही नाही," असं म्हणून त्यांनी हात पुढे केला. बिचारे, त्यांना वाटलं ब्लडप्रेशर बघतात तसंच काहीतरी असेल.

आईची पाळी आली तेव्हा तिनं विचारलं, "यातून कळतं का, ते कशामुळे झालं? म्हणजे ग्रहणाबिहणाचं नसतं ना ते?"

"छे हो काकू," ती पोरगी म्हणाली, "ग्रहण वगैरे सगळी अंधश्रद्धा. हे आनुवंशिक असतं."

आईनं पप्पांकडे बघितलं. तिचा तो चेहरा मला अजून दिसतो. मी घरात हजारदा सांगितलं होतं, पण मी घरची, आणि त्यातून माझाच ओठ. आज परकी, शिकलेली मुलगी चारचौघांत म्हणत होती. आईनं दाही बोटं स्वतःहून शाईत दाबली आणि एकेक कागदावर टेकवली, अंगठा दाबून नीट उमटवला. पोरीला म्हणाली, "परत घ्यायचं असलं तर घे हं."

पोरगी भिंग घेऊन बसली. बराच वेळ हूं हूं करत राहिली. मग म्हणाली, "काकांच्या बोटांवर बरीचशी चक्रं आहेत. काकूंच्या जवळजवळ सगळ्या लूप आहेत, आणि दोन आर्च. डावा-उजवा हातही सारखा नाही. म्हणजे काकूंकडून आलेलं दिसतंय." धाकटीचा कागद शेजारी ठेवला. "आणि हिचे अगदी काकूंसारखेच आहेत."

मुलाच्या आईनं हातातली चिवड्याची बशी खाली ठेवली. "म्हणजे हिच्या पोरांना बी होईल?"

"शक्यता असते," पोरगी म्हणाली. गंभीर चेहरा करून म्हणाली, मोठी डॉक्टरीण!

मग माझा तोल गेला. "अगं शहाणे, जगात बहुतेकांच्या बोटांवर लूपच असतात! दाखव, तुझी बोटं दाखव." मी तिचा हात धरला, पॅडवर दाबला, कागदावर उमटवला. पाचही लूप. कागद मुलाच्या आईच्या हातात दिला. "हे बघा. मग हिच्या मुलांनाही होणार का?"

त्या बाईनं कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. "पर आमच्या घरात कोणाचा ओठ फाटलेला नाय," ती म्हणाली.

मुलगा मोबाईल काढून उगाच वरखाली करत होता. हाच तो, ज्याचे मेसेज बघून धाकटी हसायची. त्याचे वडील घड्याळ बघून उठले. "विचार करून कळवतो," असं म्हणाले. त्याचा अर्थ नाशिक जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. धाकटी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ओढणीनं तोंड दाबून.

"थांबा," आई म्हणाली.

ती उठून उभी राहिली. बोटांची शाई पुसायचं तिला भान नव्हतं. "रक्ताचं नाही ते. मी कापलं होतं."

"काय कापलं व्हतं?" मुलाच्या आईनं विचारलं.

"ग्रहणात भोपळा चिरला होता मी. थोरलीच्या वेळी. सासूबाई नको नको म्हणत होत्या, मी ऐकलं नाही. नंतर भीतीनं कबूल केलं नाही. धाकटीच्या वेळी ग्रहणच नव्हतं, म्हणून ती अशी चांगली झाली. तिच्यात काही दोष नाही."

मी तोंड उघडलं. आईनं माझं मनगट एवढं आवळलं की शाईची बोटं उमटली. खोटं बोलत होती ती, धडधडीत खोटं. तिचा आवाज मला ओळखता येतो.

आणि त्या बाईचा चेहरा काय खुलला म्हणता! "अगं बाई, मग असं आधी सांगायचं ना! उगाच पोरीच्या रक्ताला दोष. आमच्या भावकीत एकीनं गिरणात सुईदोरा घेतला व्हता, तिच्या पोराच्या कानाला जन्मतः भोक." मग लेकीकडे वळून, "ठेव तुझे ते कागद गुंडाळून."

मला वाटलं, निदान आता तरी ही हुशार पोरगी काही बोलेल. आत्ताच अंधश्रद्धा म्हणाली होती की नाही! तिनं भिंग पर्समध्ये टाकलं आणि म्हणाली, "बाह्य कारणंही असतात, मॅडम. पुस्तकात दिलंय." मला विचारत नव्हती, सांगत होती. तिच्या आईनं साखरेचा डबा मागवला, सगळ्यांचं तोंड गोड झालं. माझंही झालं, थू म्हणून थुंकता येईना.

ते गेल्यावर पप्पा गॅलरीत जाऊन बसले. मला वाटलं, खोटेपणाचा त्यांना राग आला असेल. मी चहा घेऊन गेले, तर ते कठड्याकडे बघत म्हणाले, "म्हणजे माझी आई खरं बोलत होती."

मी कप कठड्यावर ठेवला. "पप्पा! अहो, आई धाकटीसाठी बोलली तसं. तुम्हाला कळत नाही का?"

"तू तुझ्या आईचीच बाजू घेणार."

"बाजू कसली? मी डॉक्टर आहे. भोपळा चिरून ओठ फाटत नाही."

"फाटण्याचं मी म्हणतच नाही," ते म्हणाले. "चिरला होता की नाही, एवढंच. तिनं मला शपथेवर सांगितलं होतं, नाही चिरला. त्या शब्दावर मी आई सोडली."

ते उठून आत गेले. आई मोरीवर बोटं घासत होती, तारेच्या घासणीनं. "चिरला होतास?" पप्पांनी विचारलं. आतल्या खोलीत धाकटी फोनवर बोलत होती, रडून झालेल्या माणसाचा आवाज मोकळा येतो तसा येत होता. लग्नाची पुढची सगळी बोलणी पप्पाच करणार होते आणि त्यांच्या पोटात कधी काही राहत नाही, हे आईइतकं कोणाला माहीत? ती नळाकडे बघत म्हणाली, "हो."

मी नंतर तिच्याशी खूप भांडले. ती म्हणाली, "लग्न लागू दे. मग सांगीन त्यांना." धाकटीशीही भांडले. ती म्हणाली, "आईनं ठरवलंय ना ताई, मग तू का एवढी चिडतेस?" तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं कदाचित. पण तेव्हा तिच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या.

मधल्या काळात आमच्या कॉलेजात सेमिनार झाला. त्या पोरीनं ठशांवरच विषय घेतला होता. शेवटच्या स्लाइडवर लिहिलं होतं: हे तंत्र सोपं आहे, स्वस्त आहे, वेदनारहित आहे. सरांनी टाळ्या वाजवल्या. मला म्हणाले, "बघा, तुमच्या शिकवण्याचं चीज झालं." मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले, आणि रडण्यापेक्षा जास्त शिव्या दिल्या, घरी शिकलेल्या आणि कॉलेजात शिकलेल्या, दोन्ही.

लग्नपत्रिका छापून आल्या. पहिली देवाला ठेवली. पप्पा म्हणाले, "दुसरी गावाला, माझ्या आईच्या फोटोपुढे. सगळेच जाऊ." सगळेच म्हणजे आईसुद्धा. मला पोटाशी धरून ती ज्या घरातून निघाली होती, तिथे पहिल्यांदाच. सकाळी आम्ही निघालो. देवळ्याकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कांदा काढणं चाललं होतं. आईनं खिडकीतून एकदाही बाहेर बघितलं नाही, पिशवीतल्या पत्रिका सारख्या करत राहिली.

त्या घरात आता काका-काकी राहतात, त्यांनी स्वागत केलं. शेजारच्या चार बायका जमल्या होत्या, म्हाताऱ्या, माझा ओठ लहानपणी बघितलेल्या. त्यांनी तो परत बघून घेतला. पुढच्या खोलीत आजीचा मोठा फोटो, त्याला ताजा हार. पप्पांनी पत्रिकेला हळदकुंकू लावून ती फोटोपुढे ठेवली, हात जोडले. मग वळून आईला म्हणाले, "माफी माग."

"पप्पा, पुरे," मी म्हटलं.

"तू मध्ये पडू नकोस. जाताना आई माझं नाव घेत होती, आणि मी हिच्या शब्दावर तिकडे नाशिकला बसलो होतो." त्यांनी फोटोकडे बोट केलं. "माग."

आईनं एकदा धाकटीकडे बघितलं. धाकटीची मान खाली होती. मग आईनं डोक्यावर पदर घेतला, गुडघे टेकले. तिला गुडघे दुखतात, तरी टेकले. "चुकलं माझं, सासूबाई," ती मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माझ्या हातून घडलं. पोटात घाला." आणि जमिनीला डोकं लावलं.

काकीनं डोळ्यांना पदर लावला. म्हाताऱ्या एकमेकींकडे बघून माना हलवत होत्या. आणि आजीच्या चितेपुढे न रडलेले माझे पप्पा लहान मुलासारखे हुंदके देऊन रडायला लागले. रडता रडता त्यांनी आईला दंडाला धरून उठवलं, तिच्या पाठीवर हात ठेवला. इतक्या मायेनं त्यांनी तिला हात लावलेला मी कधी बघितला नव्हता.

"जाऊ दे," ते म्हणाले. "मीही माफ केलं तुला."

"बरं," आई म्हणाली, आणि पानं वाढायला काकीच्या मागे आत गेली.